सवतीची झाडं

पेराती, ११ फेब्रुवारी

प्रिय मेताक्सिया,

तू म्हणशील, वर्षातून एकदा नाताळला चार ओळींचं कार्ड टाकणारा हा माणूस फेब्रुवारीत कागदांचा गठ्ठा घेऊन कसा काय बसला. तर बाई, मी मेलेलो नाही. गावात दुसरंही कुणी मेलेलं नाही. दक्षिणेचा वारा सुटलाय, तीन दिवस बोट आलेली नाही आणि टपालाची पिशवी बंदरावरच पडून आहे. म्हणजे हे पत्र आज लिहिलं काय आणि परवा लिहिलं काय, सारखंच. तरी आजच लिहायला घेतलंय, कारण परवापर्यंत माझा धीर टिकेल याची मला खात्री नाही. सकाळची कॉफी झाली आहे, चूल पेटलेली आहे, आणि दुपारी चारपर्यंत माझ्याकडे कुणी फिरकणार नाही.

आधी गावची खबरबात. या हिवाळ्यात आम्ही नऊ जण आहोत. तुला जाऊन साठाला एक कमी वर्षं झाली, तरी मोजताना माझ्या तोंडून दहा निघतं आणि मग एक कमी करावा लागतो. शाळेत शेळ्या बांधतात. कॉफीचं दुकान ऑक्टोबरात बंद झालं, मालकीण सुनेकडे पिरेयसला गेली. पाद्रीबुवा महिन्यातून दोनदा येतात आणि चार विधवा नि मी, अशा पाच जणांना मुक्तीचा मार्ग दाखवून जेवायच्या आत परत जातात. माझी स्तामाता वारली त्याला चार वर्षं झाली. अजून मी सकाळी वाळका पाव दोघांचा भिजत घालतो, आणि मग तिच्या वाटचाही दुपारी मीच खातो. मुलगी दर रविवारी फोन करते. 'बाबा, गोळ्या घेतल्यात का?' 'घेतल्या.' 'थंडी आहे का?' 'आहे.' एवढ्यात आमचं बोलणं आटपतं. तिचा दोष नाही. बोलण्यासारखं इथे काही घडतच नाही, आणि जे घडलंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

चारला मात्र दार वाजतं. पानारेतोस येतो. हो, तोच पानारेतोस. तुझ्या वडिलांची लागादी, ओढ्याकडची ती जमीन, बावीस ऑलिव्हची झाडं आणि दगडी खोपीसकट, ज्याने अथेन्सच्या एका बांधकामवाल्याला विकली आणि ज्याच्यावर तुझ्या मुलीने दावा लावलाय, तोच. तो रोज माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्याशी तावली खेळतो. फासे टाकतो, माझ्या सोंगट्या मारतो आणि वर 'हात थरथरायला लागला का रे तुझा' म्हणून हिणवतो. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण वाचायचं थांबू नकोस. तो माझा कुंबारोस आहे. माझ्या लग्नात आमच्या दोघांच्या डोक्यांवरचे मुकुट त्याने तीनदा अदलाबदल केले, माझ्या मुलीला त्यानेच बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर काढलं. आणि उरलेल्या नऊ माणसांत तावली येणारा तोच एक आहे. एकटेपणात माणूस कुणाबरोबर बसेल याचा भरवसा नसतो. मनाची नाही तर जनाची तरी लाज असते, पण जनच उरले नाहीत तर ती तरी कुठून आणायची.

तुला तो दिवस आठवतो का, एकसष्ट सालचा? तुझी पेटी मी खांद्यावरून बंदरापर्यंत नेली होती. वाटेत तू तीनदा म्हणालीस, 'कोस्मा, जड आहे, गाढवावर घाल,' आणि मी तीनदा म्हणालो, 'जड कुठे आहे.' घरी येऊन आठ दिवस मान वळत नव्हती. तुझ्या हातात मेलबर्नच्या त्या माणसाचा फोटो होता, टाय घातलेला, मोटारीला टेकून उभा. मोटार त्याची नव्हती हे तू तिकडून पहिल्याच पत्रात लिहिलंस आणि आम्ही सगळे दुकानात बसून पोट धरून हसलो. वडील गेलेले, आई आधीच गेलेली, तू एकुलती एक. बोटीवर चढताना खोपीची किल्ली माझ्या हातावर ठेवलीस. 'झाडांकडे बघ. दोन वर्षांत येते.' लोक आपल्याबद्दल काय काय बोलायचे ते तुला माहीत आहे. आपल्याला कुणी विचारलं नाही आणि आपणही कुणाला सांगायला गेलो नाही. ते राहू दे. स्तामाता चांगली बायको होती, आणि तुझा नवराही, मोटार सोडली तर, चांगलाच माणूस निघाला.

दोन वर्षांची पंचावन्न झाली. फेब्रुवारीत छाटणी, मार्चात नांगर, उन्हाळ्यात बांधाचे ढासळलेले दगड परत रचणं, नोव्हेंबरात जाळी अंथरून फळं झोडणं. माझी स्वतःची झाडं सोळा, पण तुझी आधी व्हायची. स्तामाता दारात उभी राहून विचारायची, 'काय, सवतीच्या झाडांची सेवा झाली का? आता घरच्यांना वेळ आहे का?' मी चिडायचो आणि ती आणखी हसायची. पण नोव्हेंबरात तुझी फळं झोडायला पदर खोचून पहिली तीच यायची, आणि एकही फळ गवतात राहू द्यायची नाही. म्हणायची, 'सवतीचं असलं म्हणून काय झालं, तेल ते तेल.' शेवटच्या आजारपणात, खिडकीतून डोंगर बघत पडून असताना, तिने एकदा विचारलं, 'सवतीची झाडं छाटलीस का या वर्षी?' मी म्हणालो, छाटली. ती म्हणाली, 'बरं केलंस. ती तरी राहतील.' तिला गाडून आलो त्याच उन्हाळ्यात लागादीला तारेचं कुंपण पडलं. तिला ते बघावं लागलं नाही एवढंच बरं.

कुंपण पडलं तेव्हा मी तुला कळवलं नाही. का, ते पुढे येईल. तुझी कालियोपी आली तेव्हा तिला ते सरकारी खिडकीवर कळलं. (तिकडे तुम्ही तिची पॉपी केलीत, माझ्या तोंडात ते काही बसत नाही.) सरकारने सगळ्या बेटाच्या जमिनींची नव्याने नोंदणी काढली, म्हणून पोर एवढा समुद्र ओलांडून आली, आजोबांची लागादी आईच्या नावावर चढवायला. मी तिच्या शेजारी उभा होतो. कारकुनाने नकाशा काढला, बोट ठेवलं आणि म्हणाला, ही तर दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि त्यानेही गेल्याच वर्षी विकलेली आहे. कालियोपी आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, 'पण ही माझ्या आजोबांची जमीन आहे.' कारकून म्हणाला, 'बाई, या बेटावरची सगळी जमीन कुणाच्या ना कुणाच्या आजोबांचीच आहे.' ती माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे अगदी तुझे आहेत. मी तेव्हा म्हणालो, 'आपण वकील बघू.' शहाण्यासारखं बोललो असं सगळ्यांना वाटलं.

कागद कसा झाला ते तुला वकीलबाईंनी लिहिलं आहेच, पण त्या शहरातल्या. गावची रीत त्यांना पुस्तकातून माहीत. आपल्याकडे कुणाच्या बापाने कागद केले होते? वाटण्या अंजिराखाली बसून तोंडी व्हायच्या. ओढ्यापासून मोठ्या दगडापर्यंत तुझं, दगडापासून इकडे माझं, वर एकेक पेला दारू, झालं. पुढे ज्याला कागदाची गरज पडेल त्याने दोन माणसं घेऊन नोटरीकडे जायचं. त्या दोघांनी शुभवर्तमानावर हात ठेवून सांगायचं की हा आणि याचा बाप वीस वर्षांहून जास्त काळ ही जमीन कसत आलेत, साऱ्या गावाला ठाऊक आहे. नोटरी लिहून घेणार, वाचून दाखवणार, सह्या होणार. मग ज्याचं काम त्याने बंदरावर मासे खाऊ घालायचे. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. मी ज्या घरात बसून हे लिहितोय त्याचा कागदही अठ्ठ्याऐंशी साली असाच झाला. साक्षीदार पानारेतोस आणि पोस्टमन अर्जिरिस. त्यात खोटं काही नव्हतं. घर माझ्या सासऱ्याने स्तामाताला लग्नात दिलेलं होतं, शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मीही असा पंधरावीस वेळा हात ठेवला असेल. आणि एक नियम सगळे पाळायचे, कुठे लिहिलेला नसला तरी. कुंबारोसचा कागद वाचायचा नाही. वाचला तर 'माझा तुझ्यावर विश्वास नाही' असं त्याच्या तोंडावर म्हटल्यासारखं होतं, आणि असं म्हटल्यावर पुन्हा त्या घरात पाऊल टाकता येत नाही.

पानारेतोसने याच वाटेने लागादी आपल्या नावावर केली. चौदा वर्षांपूर्वी. दोन माणसांनी शपथेवर सांगितलं की तो आणि त्याचा बाप ती जमीन पंचाहत्तर सालापासून कसत आलेत. पंचाहत्तर सालापासून! त्याच्या बापाने हयातीत स्वतःच्या परसातलं गवत कापलं नाही. ते दोघे कोण, हे वकीलबाईंना अजून कळलेलं नाही. तो नोटरी म्हातारा होऊन निवृत्त झाला, त्याचं दप्तर पिरेयसला कुठल्याशा तळघरात गेलं. शपथपत्राची नक्कल त्यांनी मागवली आहे, पुढच्या आठवड्यात यायची आहे. बोट सुरू झाली की.

वकीलबाई फोतिनी महिन्यापूर्वी इथे आल्या होत्या. तुझ्या कालियोपीच्याच वयाची पोरगी, उंच टाचांचे बूट घालून आपल्या गल्लीतून चालत आली आणि शेळ्यांनी तिच्याकडे बघून रवंथ थांबवलं. माझ्या स्वयंपाकघरात बसली, मधाचा चमचा चाटला आणि म्हणाली, 'बार्बा कोस्मास, आपला हुकमाचा एक्का तुम्ही आहात. मालकीण परदेशात असली तरी तिच्या वतीने पंचावन्न वर्षं तुम्ही जमीन कसलीत. म्हणजे ताबा तिचाच. तुम्ही उभे राहून एवढंच सांगा, त्यांचा कागद फाटलाच समजा.' मी मान हलवली. तिने माझं नाव यादीत पहिलं लिहिलं. सुनावणी एकवीस मार्चला, मोठ्या गावात. जाताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिला तुझं नाताळचं पत्र आलं होतं, ते तिने मला वाचून दाखवलं. 'मला आता जमिनीचं काही करायचं नाही, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. पण बाबांनी हातांनी रचलेला बांध दुसऱ्याच्या नावावर आहे या विचाराने मला डोळे मिटवणार नाहीत.' ती गेल्यावर मी जेवलो नाही.

दहा दिवसांपूर्वी मी लागादीत गेलो होतो. छाटणीचे दिवस, पाय आपोआप वळले. चार वर्षं झाडांना हात लागलेला नाही. बुंध्यांतून फुटवे माजलेत, आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही, वरच्या अंगाचा बांध दोन जागी बसलाय. दाव्यामुळे बांधकामाला मनाई आहे, म्हणून झाडं तरी उभी आहेत. मी करवत घेऊन तारेखालून आत शिरलो. ऐंशीच्या माणसाने तारेखालून शिरणं म्हणजे काय ते तू बघायला हवं होतंस. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि विजार तारेला. एका झाडाचे फुटवे काढून होतात तोवर बांधकामवाल्याचा राखणदार आला. 'ए आजोबा, काय चोरताय?' मी म्हणालो, 'फांद्या.' 'कुणाला विचारून?' 'झाडाला.' तो हसला. बरा माणूस होता, दुसरंही झाड करू दिलं, वर आपल्या थर्मासमधली कॉफी पाजली. पण येताना वाटेत माझ्या लक्षात आलं की त्याने मला चोर म्हटलं आणि मला राग आला नाही. पंचावन्न वर्षं ज्या जमिनीत घाम गाळला तिथे कुणी चोर म्हणतं आणि मनातून 'बरोबर आहे' असं उत्तर येतं, तेव्हा माणसाने घरी जाऊन कागद-पेन शोधावं. मला दहा दिवस लागले.

पानारेतोस या विषयावर माझ्याशी दोनदाच बोलला. पहिल्यांदा, दावा लागला तेव्हा. फासे खुळखुळवत म्हणाला, 'कुंबारे, मेताक्सियाच्या पोरीला ऑलिव्ह कुठलं आणि निलगिरी कुठली ते तरी कळतं का? ती जमीन ठेवायची कुणासाठी? चिमण्यांसाठी? तू मेलास की काटेरी झुडपं माजणार. मी विकली, माझ्या नातवाचं शहरात घर झालं. कुणाच्या पोटावर पाय आला?' मी माझी सोंगटी सरकवली. दुसऱ्यांदा, वकीलबाई येऊन गेल्या त्याच दिवशी. तिच्या बुटांचा आवाज त्याने ऐकला असणार. त्या दिवशी तो खेळात मुद्दाम हरला, हे मला कळतं. साठ वर्षांत तो मला कधी जिंकू देत नाही. उठताना भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, 'छान कोरडं राहिलंय हे घर. याच्या कागदावर माझी सही आहे, आठवतं ना? सह्या खोट्या ठरायला लागल्या की कुठल्या कुठल्या खोट्या ठरतील, देव जाणे.' आणि संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवून गेला. संत्री गोड होती. मी ती खाल्ली, हेही तुला सांगून टाकतो.

तुला एव्हाना कळलं असेल. तू शाळेत माझ्यापेक्षा हुशार होतीस. त्या शपथपत्रावरचा एक साक्षीदार अर्जिरिस आहे, तो सहा वर्षांपूर्वी वारला. दुसरा मी आहे. वसंतातली सकाळ होती. पानारेतोस आदल्या दिवशी म्हणाला होता, 'कुंबारे, उद्या नोटरीकडे चल, माझ्या वरच्या खडकाळ तुकड्याचा कागद करायचाय.' तो तुकडा खरोखर त्याचाच, तिथे त्याच्या बापाच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. आम्ही तिघे त्याच्या गाडीतून गेलो. नोटरी वाचत होता, मी नेहमीसारखा खिडकीतून बोटी बघत होतो. हात ठेवला, सही केली, बंदरावर मासे खाल्ले. घरी आलो तर स्तामाताने विचारलं, 'कशावर सही केलीस?' मी म्हणालो, 'कुणास ठाऊक.' ती म्हणाली, 'कसले मासे होते?' मी सांगितलं, लाल मासे, मोठे, कोळशावर भाजलेले. ती शिवण बाजूला ठेवून म्हणाली, 'वरच्या खडकासाठी पानारेतोस लाल मासे खाऊ घालत नाही. हे जेवण कुणाला तरी महागात पडणार.' बाईला सगळं आधीच कळायचं.

म्हणजे बघ, वकीलबाई म्हणतात पंचावन्न वर्षं मी तुझी जमीन कसली. त्यातली एकतीस वर्षं मी स्वतःच शुभवर्तमानावर हात ठेवून पानारेतोसच्या बापलेकांना देऊन टाकली. छाटणी माझी, घाम माझा, आणि तो त्यांचा होता म्हणून साक्षही माझीच. आता हुकमाचा एक्का म्हणून मी उभा राहिलो की त्यांचा वकील तो कागद काढून माझ्या नाकासमोर धरेल आणि विचारेल, 'आजोबा, तेव्हा खोटं बोललात की आता?' तुझा दावा तिथल्या तिथे आडवा होईल. हे मला तीन वर्षं माहीत आहे. तीन वर्षं मी रोज ठरवतो की आज सांगू, आणि रोज चार वाजतात.

नक्कल येणारच आहे म्हणून हा आत्ता लिहितोय, असं तुला वाटेल. बरोबर वाटेल. मी काही फार मोठा माणूस नाही. पण नकलेत फक्त सही दिसणार आहे, आणि सहीवर मी काय म्हणणार हेही माझं ठरलेलं होतं. 'म्हातारा आहे, वाचलं नाही, कुंबारोसवर विश्वास ठेवला, फसलो.' सगळ्या बेटाने मान डोलावली असती. तू सुद्धा मला माफ केलं असतंस, मला माहीत आहे. मग मी आणि तू, दोघेही पानारेतोसने फसवलेले, असे एका बाजूला आलो असतो. मला ते फार हवंसं वाटत होतं.

पण मेताक्सिया, मी खिडकीतून बोटी बघत होतो तरी माझे कान काही खिडकीबाहेर नव्हते. नोटरीने हद्दी वाचल्या. पूर्वेला ओढा, उत्तरेला दगडी बांध, दक्षिणेला समुद्राकडे उतरणारी वाट. मी ऐकलं. वरच्या तुकड्याला ना ओढा, ना बांध, ना वाट. त्या वाटेने तेव्हा पंचेचाळीस वर्षं मी चढत-उतरत होतो, तो बांध माझ्या हातांना पाठ होता. एका श्वासात मला कळलं की हा माणूस तुझी लागादी लिहून घेतोय. मी अर्जिरिसकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. मग आम्ही दोघांनी माना खाली घातल्या, आणि मी सही केली. चारचौघांत कुंबारोसला खोटं कसं पाडायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. तुझा विचार नंतर आला, मासे खाताना. पुढे दहा वर्षं जमीन विकली गेलेली नव्हती, एका पत्राने सगळं थांबलं असतं, आणि मी दर नाताळला तुला लिहीत राहिलो, झाडं छान आहेत. हे कुठल्याही नकलेत नाही. अर्जिरिस गेला, पानारेतोस बोलणार नाही. मी गप्प राहिलो तर जगात कुणालाही कळणार नाही, आणि नुसतं 'वाचलं नव्हतं' म्हणालो तर त्यांचा वकील म्हणेल, नोटरीने मोठ्याने वाचलं होतं, तसं कागदातच लिहिलंय. मला माहीत होतं आणि तरी मी खोटी शपथ घेतली, हे मीच सांगितलं तर तो कागद पडतो. म्हणून हे पत्र तुझ्यासाठी असलं तरी तुझ्याजवळ ठेवू नकोस, वकीलबाईंकडे पाठव. एकवीस मार्चला मी उभा राहून हेच सांगणार आहे. पण पहिल्या बाकावर पानारेतोस बसलेला असेल, आणि मी स्वतःला ओळखतो. मी तिथे 'आठवत नाही' म्हणालो तर त्यांनी हे पत्र माझ्यासमोर धरावं आणि मलाच मोठ्याने वाचायला लावावं. मग खटला होईल तो होऊ दे, घर जाईल ते जाऊ दे. माफी मी मागत नाही, मागितली तर तू देशील. चार वाजले आहेत, दार वाजतंय, आणि आज मी पट मांडलेला नाही. पानारेतोस बाहेरून विचारतोय, काय चाललंय. मी म्हणालो, थांब, वाचतोय. तो म्हणतोय, 'तू कधीपासून वाचायला लागलास?' त्याला दाराबाहेर वाऱ्यात उभं ठेवून मी हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलंय. आता सही करतो.

तुझाच,
कोस्मास, मिनासचा मुलगा
राहणार पेराती